कोळंबीचे प्रगतिपुस्तक

मासळीबाजारात तुम्ही कधी गेला असाल, तर कोळंबीच्या टोपलीपाशी एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. मोठ्या कोळंबीचे नग निवडून, वाटे लावून विकतात. बारीक करंदीचा मात्र नुसता ढीग असतो. तिचे नग कोणी मोजत नाही. मोजायचे तरी कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण जगात एक किनारा असा आहे, की जिथे अशाच बारीक कोळंबीचे एका पौंडात किती नग बसतात हे सरकारी माणूस मोजून पाहतो. सरासरी १६० नगांच्या वर गेली, तर होडीवाल्याने कायदा मोडला असे ठरते.

हा किनारा अमेरिकेतील ऑरेगन राज्याचा आहे. तो पॅसिफिक महासागराला लागून आहे. अॅस्टोरिया, न्यूपोर्ट, कूस बे ही तिथली मासेमारीची बंदरे. तिथे मिळणारी कोळंबी अंगाने लहान आणि रंगाने गुलाबी असते, म्हणून तिला ‘गुलाबी कोळंबी’ म्हणतात. तिचे शास्त्रीय नाव ‘पँडॅलस जॉर्डनाय’. डिसेंबर २००७ मध्ये या गुलाबी कोळंबीच्या मासेमारीला एक प्रमाणपत्र मिळाले. ‘ही मासेमारी शाश्वत आहे’, म्हणजे ती आज जशी चालली आहे तशी पुढेही चालू राहू शकेल आणि समुद्राचे भरून न येणारे नुकसान करणार नाही, असे त्या प्रमाणपत्रात म्हटले होते. असे प्रमाणपत्र मिळवणारी कोळंबीची ही जगातील पहिली मासेमारी.

समुद्रात किती कोळंबी आहे हे कोणी मोजलेले नाही. मग ती उद्याही राहील, हे प्रमाणपत्र देणाऱ्याने ठरवले तरी कसे? हे समजून घ्यायचे, तर आधी कोळंबीची ओळख करून घेतली पाहिजे.

आधी नर, मग मादी

गुलाबी कोळंबीचे आयुष्य जेमतेम तीन-चार वर्षांचे. मार्च-एप्रिलच्या सुमारास अंड्यांतून पिले बाहेर पडतात. ही पिले आईबापांसारखी दिसत नाहीत. अडीच-तीन महिने ती पाण्याच्या वरच्या थरांत प्लवकांबरोबर तरंगत राहतात, अनेकदा कात टाकतात आणि मग कोळंबीचे रूप घेऊन तळाकडे जातात. साधारण दीडशे-दोनशे मीटर खोलीवरचा चिखलाचा तळ हे त्यांचे घर. दिवसा कोळंबी तळाजवळ राहते. रात्री ती अन्नासाठी वर पाण्यात चढते. म्हणूनच ऑरेगनचे कोळी या कोळंबीसाठी दिवसा जाळे ओढतात. रात्री तळाजवळ ओढलेल्या जाळ्यात फारसे काही येणार नाही.

आता गंमत पाहा. दीड वर्षाची झाली म्हणजे यातील बहुतेक कोळंबी नर म्हणून वयात येते. तोच प्राणी पुढच्या वर्षी, अडीच वर्षांचा झाल्यावर, मादी होतो! प्राणिशास्त्रात अशा प्राण्याला उभयलिंगी म्हणतात. हिच्या बाबतीत नरपण आधी आणि मादीपण नंतर येते. असे का व्हावे? शुक्रपेशी बारीक असतात, त्या लहान शरीरालाही बनवता येतात. अंडी मात्र अन्नाने भरलेली असतात, त्यांना जागा लागते. म्हणून अंगाने लहान असताना नर आणि मोठे झाल्यावर मादी होणे फायद्याचे. एखाद्या वर्षी मोठ्या माद्या फार कमी उरल्या असतील, तर दीड वर्षाच्या कोळंबीतील काही जणी नराची पायरी गाळून एकदम मादीच होतात. त्यांना हा हिशेब कसा कळतो हे कोडे तुम्हांपैकी कोणी पुढे सोडवले, तर मला आनंद होईल.

मादी आपली अंडी पाण्यात सोडून देत नाही. शरद ऋतूपासून वसंतापर्यंत ती पोटाखालच्या पायांना अंड्यांचा घोस चिकटवून वागवते.

एवढे कळले की ऑरेगनचे दोन नियम आपोआप उलगडतात. तिथे ही कोळंबी १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर याच काळात पकडता येते. नोव्हेंबर ते मार्च माद्या अंडी वागवत असतात, म्हणून तेव्हा जाळी बंद. दुसरा नियम आपण सुरुवातीला पाहिला तो नगांचा. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. ४५४ ला १६० ने भागा. उत्तर सुमारे २.८ ग्रॅम येते. म्हणजे जाळ्यात आलेली कोळंबी सरासरीने २.८ ग्रॅमपेक्षा हलकी असता कामा नये. हलकी असेल, तर ती एकच वर्षाची आहे, तिने अजून एकदाही अंडी दिलेली नाहीत. अशा कोळंबीचे थवे जिथे असतील तिथून होडीने दूर जावे, हा नियमाचा उद्देश. समुद्राखाली शिपाई उभा करता येत नाही, पण धक्क्यावर तराजू ठेवता येतो!

समुद्राची पातळी आणि पुढच्या वर्षीचे पीक

ऑरेगनमध्ये १९५७ पासून ही कोळंबी धंद्यासाठी पकडली जाते. वर्षावर्षाचे आकडे पाहिले, तर ते आपल्या कोकणातल्या आंब्याच्या पिकापेक्षाही लहरी दिसतात. १९७८ मध्ये ऑरेगनच्या बंदरांत ५ कोटी पौंडांहून अधिक कोळंबी उतरली. १९८३ आणि १९८४ मध्ये ती इतकी कमी झाली, की अनेक होड्यांना धंदा उरला नाही. मग २०१४ आणि २०१५ या दोन्ही वर्षी पुन्हा ५ कोटी पौंडांहून अधिक! सगळा दोष कोळ्यांचा म्हणावा, तर सगळे श्रेयही त्यांनाच द्यावे लागेल. खरे कारण वेगळे आहे.

तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वीच्या परिवलनामुळे वारे आणि प्रवाह वळतात असे दिले आहे. उत्तर गोलार्धात ते उजवीकडे वळतात. ऑरेगनच्या किनाऱ्याला वसंतात उत्तरेकडून दक्षिणेकडे वारा वाहू लागतो. त्याने ढकललेले वरचे पाणी उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला, खोल समुद्राकडे सरकते. किनाऱ्याजवळ रिकामी झालेली जागा भरण्यासाठी तळाचे थंड पाणी वर येते. या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट अशी खते भरपूर असतात. शेताला खत मिळाले की पीक जोमाने येते, तसे या पाण्यात वनस्पतिप्लवक वाढतात आणि कोळंबीच्या पिलांचे पोट भरते.

वरचे पाणी बाहेर गेले, की किनाऱ्याजवळची समुद्राची पातळी थोडी खाली जाते. हा फरक फार थोडा असतो, पण भरती-ओहोटी मोजणाऱ्या यंत्राला तो कळतो. ऑरेगनच्या सीमेच्या दक्षिणेला कॅलिफोर्नियात क्रेसेंट सिटी नावाचे गाव आहे. तिथल्या यंत्राची एप्रिल महिन्याची नोंद शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे कोळंबीच्या आकड्यांशी ताडून पाहिली. एप्रिलमध्ये पातळी कमी असेल, तर पुढच्या वर्षी तरुण कोळंबी भरपूर. पातळी जास्त असेल, तर कमी. १९८२-८३ मध्ये पॅसिफिकमध्ये मोठा एल निनो आला होता. गरम पाणी किनाऱ्याला येऊन थोपले होते आणि पातळी चढली होती. वर सांगितलेल्या १९८३ च्या घसरणीचे मूळ तिथे आहे.

बंदरातल्या खांबावर बसवलेल्या एका मोजपट्टीवरून पुढल्या वर्षीच्या कोळंबीचा अदमास घेता येतो, ही मला तरी या साऱ्या हकिकतीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

जाळ्यात आलेले आगंतुक

कोळंबी लवकर वाढते आणि लवकर मरते. आपण पकडली नाही, तरी तिच्यातली बहुतेक माशांच्या पोटात जाणार असते. म्हणून तिच्या साठ्याला मासेमारीचा धक्का त्या मानाने कमी बसतो. ऑरेगनमध्ये किती टन पकडायची अशी वरची मर्यादाही घातलेली नव्हती. होड्यांचे परवाने तेवढे मर्यादित होते. मग अडचण कुठे होती? अडचण होती तिच्याबरोबर जाळ्यात येणाऱ्या इतर माशांची.

ट्रॉलर जे जाळे ओढतो ते एखाद्या प्रचंड पायमोज्यासारखे असते. पुढे रुंद तोंड, मागे निमुळती होत गेलेली पिशवी. कोळंबी बारीक, म्हणून जाळ्याचे डोळेही बारीक ठेवावे लागतात. मग त्या जाळ्यातून दुसरे कोण निसटणार? जगभर कोळंबीच्या जाळ्यांचा हा दोष आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २००५ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. १९९२ ते २००१ या काळात पकडून परत समुद्रात फेकलेल्या, बहुधा मेलेल्या, मासळीचा हिशेब त्यात होता. दर वर्षी सरासरी सुमारे ७३ लाख टन! त्यातील २७ टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या उष्ण कटिबंधातील कोळंबीच्या ट्रॉलरांचा होता.

ऑरेगनचा समुद्र थंड आहे, पण तिथेही पूर्वी जाळ्यात येणाऱ्या एकूण मालापैकी सुमारे एक तृतीयांश ते निम्म्याहून अधिक भाग नको असलेल्या माशांचा असे. त्यात ‘कॅनरी रॉकफिश’ नावाचा नारिंगी मासा होता. तो ऐंशी वर्षांहून अधिक जगू शकतो आणि फार सावकाश वाढतो. २००० साली त्याचा साठा धोक्याच्या रेषेखाली गेल्याचे जाहीर झाले. आता विचार करा. एका बाजूला चार वर्षांत मरणारी, भरभर वाढणारी कोळंबी. दुसऱ्या बाजूला माणसाएवढे आयुष्य असलेला मासा. दोघे एकाच जाळ्यात. कोळंबीला जे सहज सोसते ते रॉकफिशला सोसत नाही. सरकारने रॉकफिशसाठी कोळंबीची मासेमारीच थांबवली असती, तर शेकडो घरांच्या चुली विझल्या असत्या.

यावर तोडगा निघाला तो एका जाळीदार झडपेचा. जाळ्याच्या निमुळत्या भागात गजांची एक चौकट तिरपी बसवतात. खिडकीच्या गजांसारखे उभे गज समजा. कोळंबी दोन गजांमधून मागच्या पिशवीत जाते. मासा मोठा असल्यामुळे त्याला गजांमधून जाता येत नाही. तो तिरप्या चौकटीवरून घसरत वर जातो आणि वरच्या भोकातून मोकळ्या समुद्रात निसटतो. २००३ पासून ऑरेगनमध्ये प्रत्येक होडीला मासे बाहेर सोडणारे साधन कायमचे सक्तीचे झाले. २०१२ पासून दोन गजांमधले अंतर पाऊण इंचापेक्षा, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटरपेक्षा, जास्त नसावे असाही नियम आला. २००५ च्या पाहणीत आगंतुक माशांचे प्रमाण सुमारे साडेसात टक्क्यांवर उतरलेले आढळले. कोळी या चौकटीवर खूश झाले याचेही कारण आहे. पूर्वी डेकवर बसून कोळंबीतून मासे वेगळे करण्यात तास मोडत. आता माल जवळजवळ निवडलेलाच वर येऊ लागला.

मेणबत्ती मासा आणि हिरवे दिवे

पण एक मासा उरलाच. त्याचे नाव युलाकॉन. लांबीला वीतभर, म्हणजे गजांतून सहज जाणारा. त्याच्या अंगात इतकी चरबी असते, की वाळवून त्यात वात घातली तर तो मेणबत्तीसारखा जळतो. म्हणून त्याला ‘मेणबत्ती मासा’ असेही म्हणतात. तिथले आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या त्याचे तेल काढत आले आहेत. हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला कोलंबियासारख्या नद्यांत चढतो. त्याची संख्या घटत गेली आणि २०१० मध्ये अमेरिकेने त्याच्या दक्षिणेकडील समूहाला धोक्यातील प्राण्यांच्या यादीत घातले. कोळंबीवाल्यांपुढे पुन्हा संकट उभे राहिले.

२०१४ मध्ये ऑरेगनच्या मत्स्य खात्यातील शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. तो नीट वाचा, कारण प्रयोग कसा करावा याचा तो चांगला धडा आहे. तिथल्या पुष्कळ होड्या एकाच वेळी दोन जाळी ओढतात, एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या. शास्त्रज्ञांनी एका जाळ्यावर छोटे हिरवे एलईडी दिवे लावले, दुसऱ्यावर लावले नाहीत. होडी तीच, वेळ तीच, समुद्र तोच. फरक एवढा एकच. मग दोन्ही जाळ्यांतला माल वेगवेगळा तोलला.

आधी त्यांनी दिवे गजांच्या चौकटीजवळ लावले. कल्पना अशी, की माशांना बाहेर पडायचे भोक दिसावे. झाले उलटेच! दिवे लावलेल्या जाळ्यात युलाकॉन दुपटीहूनही जास्त आले. वजनाने १०४ टक्के वाढ. एखाद्याने इथेच ‘दिव्यांचा उपयोग नाही’ असे लिहून वही मिटली असती. यांनी दिवे जागेवरून हलवले. जाळ्याच्या तोंडाच्या खालच्या काठावर दहा दिवे लावून पाहिले. या जाळ्यांचा खालचा काठ तळाला घासत नाही, थोडा उंच राहतो. आता दिवे लावलेल्या जाळ्यात युलाकॉन ९१ टक्क्यांनी कमी आले आणि कोळंबीच्या मालात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. रॉकफिशची पिले आणि लहान चपटे मासेही बरेच कमी झाले. काळोखात जाळ्याचा काठ उजळला, की माशाला तो येताना दिसतो आणि तो खालच्या फटीतून निघून जातो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

ही बातमी बंदरात पोचताच पुष्कळ कोळ्यांनी कोणी सांगण्यापूर्वीच दिवे विकत घेतले. २०१८ पासून ते सक्तीचे झाले.

परीक्षा कशी होते

आता आपण प्रमाणपत्राकडे वळू. ते देणाऱ्या संस्थेचे नाव ‘मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिल’. तिचे मुख्य कार्यालय लंडनला आहे. ती स्थापन होण्यामागे एक मोठी आपत्ती होती. कॅनडातील न्यूफाउंडलंडजवळचा कॉड मासा शतकानुशतके अमाप मिळत असे. १९९२ मध्ये तो इतका कमी झाला, की सरकारला मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार माणसे बेकार झाली. ती बंदी उठायला २०२४ साल उजाडले. या धक्क्यानंतर, १९९७ मध्ये, जागतिक वन्यजीव निधी आणि युनिलिव्हर कंपनी यांनी मिळून ही संस्था काढली. युनिलिव्हर तेव्हा गोठवलेल्या माशांचा मोठा व्यापार करीत असे. मासेच उरले नाहीत, तर विकणार काय? १९९९ पासून संस्था दोघांपासून स्वतंत्र झाली. निळ्या लंबगोलात पांढरी माशाची आकृती हे तिचे चिन्ह.

संस्था स्वतः परीक्षा घेत नाही. ती अभ्यासक्रम ठरवते असे म्हणा. परीक्षक बाहेरचे, स्वतंत्र असतात. प्रश्न तीन विषयांत वाटलेले असतात: ज्याची मासेमारी करायची त्या प्राण्याचा साठा, बाकीच्या समुद्रावर होणारा परिणाम, आणि नियम करणारी व पाळणारी व्यवस्था. संस्थेच्या २०१४ च्या मानकात या तीन विषयांत मिळून २८ बाबी होत्या. प्रत्येक बाबीला १०० पैकी गुण. उत्तीर्ण होण्यासाठी दोन अटी. कोणत्याही एका बाबीत ६० पेक्षा कमी गुण नकोत, आणि प्रत्येक विषयाची सरासरी ८० किंवा अधिक हवी.

हे शाळेच्या परीक्षेपेक्षा कडक आहे. कसे ते पाहा. समजा, एका काल्पनिक मासेमारीला एका विषयातील सहा बाबींत ९५, ९०, ८५, ८५, ७५ आणि ७० गुण मिळाले. बेरीज ५००, सरासरी ८३.३. ती उत्तीर्ण. दुसरीला पाच बाबींत पैकीच्या पैकी आणि सहाव्या बाबीत ५५ मिळाले. सरासरी ९२.५, तरी ती नापास! (प्रत्यक्षात काही बाबींना कमी-अधिक वजन देतात, ते आपण सोडून देऊ.) एका खोलीला आग लागलेली असताना बाकीच्या पाच खोल्या स्वच्छ आहेत म्हणून घराला बक्षीस देता येत नाही, असा हा विचार आहे. पहिलीच्या ७५ आणि ७० गुणांचे काय? ६० ते ८० यांमधील प्रत्येक बाबीसाठी अट घातली जाते. ठरलेल्या मुदतीत ती ८० वर आणलीच पाहिजे. प्रमाणपत्र पाच वर्षांचे असते आणि दर वर्षी तपासणी होते.

ऑरेगनच्या कोळंबीलाही अशा अटी होत्या. ‘साठा घसरला तर तुम्ही नेमके काय कराल, हे आधी लिहून ठेवा’, ही त्यांतली महत्त्वाची. तोवर असा नियम कागदावर नव्हता. पुढे तो झाला. जूनमधली दर फेरीची सरासरी पकड ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी असेल, आणि त्याच वेळी क्रेसेंट सिटीची समुद्राची पातळी ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त असेल, तर हंगाम आटोपता घ्यायचा. दोन्ही फारच वाईट असतील, तर त्या वर्षीची मासेमारी बंद. ती मोजपट्टी तुम्हाला इथे पुन्हा भेटली! चिखलाच्या तळावर जाळ्यांचा परिणाम काय होतो हेही दूरनियंत्रित कॅमेरे खाली सोडून पाहिले गेले. जास्त जाळी ओढलेल्या जागी चाबकासारख्या दिसणाऱ्या प्रवाळकुळातील ‘सी-व्हिप’ या प्राण्यांची संख्या कमी आढळली. प्रमाणपत्र मिळाले म्हणजे नुकसान शून्य झाले असा अर्थ नव्हे. ते सोसण्याजोगे आहे, असे परीक्षकांचे मत झाले एवढाच त्याचा अर्थ.

आक्षेपही आहेत, आणि ते मला पोकळ वाटत नाहीत. परीक्षेचा खर्च मासेमारी करणाऱ्यांनाच द्यावा लागतो. परीक्षकाला फी देणारा परीक्षार्थीच असेल, तर परीक्षक कितपत कडक राहील, असे टीकाकार विचारतात. शिवाय ऑरेगनसारखे संशोधन, वर्षानुवर्षांच्या नोंदी आणि पैसा गरीब देशांतल्या लहान कोळ्यांनी कुठून आणावा? भारतात असे प्रमाणपत्र पहिल्यांदा मिळाले ते २०१४ मध्ये, केरळमधील अष्टमुडी खाडीतील शिंपल्यांच्या मासेमारीला. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्याची मासेमारी वाईटच, असे मात्र कोणी समजू नये. परीक्षेला न बसलेला आणि नापास झालेला, हे दोन वेगळे विद्यार्थी.

आणि नियम चांगले असले तरी समुद्र त्यांचे ऐकेलच असे नाही. अमेरिकेच्याच पूर्व किनाऱ्यावर, मेनच्या आखातात, या कोळंबीची सख्खी चुलत बहीण ‘पँडॅलस बोरिअॅलिस’ मिळत असे. ती थंड पाण्यातली. आखाताचे पाणी तापत गेले, पिले जगेनाशी झाली आणि २०१४ च्या हंगामापासून तिथली मासेमारी बंद करावी लागली. त्यानंतर वर्षामागून वर्षे बंदी वाढवत न्यावी लागली. तिथे मोजपट्टी होती, शास्त्रज्ञ होते, कायदाही होता.

आपल्याकडे

गजांच्या चौकटीची युक्ती आपल्यालाही परकी नाही. समुद्री कासवे कोळंबीच्या जाळ्यात अडकून बुडून मरतात, कारण त्यांना श्वास घ्यायला वर यावे लागते. त्यांच्यासाठी अशीच तिरपी चौकट असते, फक्त गज अधिक दूर आणि भोक कासव जाईल एवढे मोठे. अशी चौकट न लावणाऱ्या देशांची कोळंबी घ्यायची नाही असा अमेरिकेचा कायदा आहे. त्याविरुद्ध भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ मध्ये तिथे निकाल लागला, की कासवे वाचवण्याचा हेतू योग्य, पण कायदा ज्या रीतीने लावला ती रीत पक्षपाती. वाद पुढेही मिटला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेने भारताच्या समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे थांबवले. तळ्यांत वाढवलेल्या कोळंबीला हा नियम लागू नव्हता. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपणारे गावकरी आणि त्याच समुद्रात ट्रॉलर घेऊन जाणारे खलाशी, दोघांच्याही पोटाशी हा प्रश्न जोडलेला आहे.

आता एक प्रयोग. घरी करंदी किंवा लहान कोळंबी येईल तेव्हा, सोलण्यापूर्वी, तिच्यातली १०० ग्रॅम वजन करून घ्या आणि नग मोजा. त्या संख्येला ४.५४ ने गुणले, की एका पौंडातले नग मिळतील. १६० शी ताडून पाहा. मग एकेक कोळंबी हातात घेऊन पोटाचे कवच कडेने पाहा. कवचाचे एकेक कडे कौलांसारखे मागच्या कड्यावर चढलेले असेल, तर ती अंडी पाण्यात सोडणाऱ्या गटातली आहे. आपल्या बाजारातली बहुतेक मोठी कोळंबी अशीच असते. पण दुसऱ्या कड्याची कड पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही कड्यांवर आलेली दिसली, तर ती ऑरेगनच्या गुलाबी कोळंबीच्या गोतातली समजा. गोड्या पाण्यातला मोठा झिंगाही याच गोतातला. अशा कोळंबीच्या पोटाखाली पाय बाजूला सारून अंड्यांचा घोस आहे का ते पाहा. नग, कड्यांची रचना आणि अंडी यांची नोंद तारखेसह वहीत करा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. बंदीच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहा, आणि काय दिसले ते वर्गात आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा.